पाठ असलेली मापं

आमचे हे साचे करायचे. प्लॅस्टिकची वस्तू ज्या लोखंडी पोकळीत ओतून काढतात, ती पोकळी कोरायचे. अठ्ठावीस वर्षं एकाच खेळण्यांच्या कारखान्यात, आणि मी तिथेच पॅकिंगला. लग्नही तिथेच जमलं, आता काय बोलणार. माणूस इतका काटेकोर की भिंतीला खिळा ठोकायचा तर तीनदा मोजणार आणि चौथ्यांदा मला मोजायला लावणार.

त्यांचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे इमारतीचा खेळ. पांढरे खांब, खाचेत बसणाऱ्या लाल भिंती, उघडमीट होणाऱ्या खिडक्या, वर हिरवं छप्पर. बावीस प्रकारचे तुकडे आणि बावीसच्या बावीस साचे ह्यांच्या हातचे. कारखाना बंद पडला तेव्हा ते साचे भंगारात गेले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी चिडवलं नाही, तेवढी अक्कल मला आहे.

गेल्या वर्षापासून ह्यांचं विसरणं वाढलं. किल्ली दाराला तशीच, गॅस चालू. एकदा जिन्यात शेजारीण भेटली तर तिचं नावच आठवेना, नुसते हसत उभे राहिले. होतं असं कुणाचंही. पण ह्यांचे थोरले भाऊ त्याच वाटेने गेलेले. शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला विचारायचे, "तुम्ही कुणाकडे आलात?" ह्यांनी त्याचाच धसका घेतला होता. डॉक्टरांचं नाव काढलं की विषय बदलायचे आणि लोकांत मिसळणंही सोडलं. भीती मलाही वाटत होती, मी ती ओरडण्यात काढत होते.

मुलगी घरांचे आराखडे काढण्याच्या कचेरीत आहे. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, तुमचा खेळ आपण यात उभा करू. एकेक तुकडा, तस्साच." माळ्यावरून खेळाचा जुना डबा काढला. भिंती-खिडक्या मोजून ती करणार, खांब आणि तुळया हे करणार असं ठरलं. तिने मापं घ्यायचा कॅलिपर पुढे केला, तर ह्यांनी तो बाजूला सारला.

"मला कशाला? मला पाठ आहेत."

किती दिवसांनी तो तोरा बघितला. एरवी मी लगेच टोमणा मारला असता, त्या दिवशी गुपचूप चहा टाकला.

तीन रविवार बापलेकीची जोडी टेबलाला चिकटून होती. माउस धरला की ह्यांची जीभ बाहेर. चौथ्या रविवारी इमारत चढायला लागली. पहिला मजला झकास. पाचव्याला खांब आणि भिंतीत बारीकशी फट. दहाव्याला खांब दोन मिलिमीटर वर आणि छप्पर अधांतरी. मुलीने डब्यातला खरा खांब मोजला. चाळीस मिलिमीटर. ह्यांनी घातला होता चाळीस पूर्णांक दोन दशांश.

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हेही गेलं," म्हणाले. "एवढंच उरलं होतं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मुलगी रडवेली होऊन बाकीचे तुकडे मोजत बसली. "आई, सगळेच चुकलेत गं. तुळई साठची आहे, बाबांनी साठ पूर्णांक तीन घातली."

"म्हणजे जास्तच?"

"सगळे जास्तच आहेत. कमी एकही नाही."

मला खटकलं. विसरलेला माणूस कधी जास्त सांगेल, कधी कमी. हे सगळे एकाच बाजूला कसे? मी तशीच आत गेले.

"अहो, उठा. अठ्ठावीस वर्षं जेवताना माझं डोकं कुणी खाल्लं? प्लॅस्टिक गार झालं की आकसतं, म्हणून साचा मोठा ठेवायचा. किती मोठा?"

"शंभराला अर्धा," भिंतीकडे बघतच म्हणाले.

"मग चाळीसला किती?"

मग हळूच कुशीवर वळले, उठून बसले. "दोन दशांश," म्हणाले. "अगं, मी साचाच सांगत होतो. तेच आकडे डोक्यात आहेत माझ्या."

"तेच म्हणतेय मी. ऐकेल कोण?"

मुलगी डबा घेऊन पलंगावर येऊन बसली. ती तुकड्याचं नाव घ्यायची, हे साच्याचं माप सांगायचे, ती आकसण्याचा हिस्सा वजा करायची आणि मग कॅलिपर लावायची. एकवीस तुकडे झाले. एकवीसही जुळले. ह्यांचे केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी, पण आकडे थांबत नव्हते. किल्ली त्या दिवशीही दारालाच राहिली होती म्हणा. डॉक्टरांना दाखवायला हवंच, आणि तसं ह्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

राहिली दाराची कमान. ती डब्यात एकही उरली नव्हती आणि तिचा साचा केव्हाच वितळलेला. पडताळायला काही नव्हतं. ह्यांनी डोळे मिटून आकडे सांगितले. मुलीने कॅलिपर डब्यात ठेवून दिला आणि "नक्की ना, बाबा?" असं न विचारता ते लिहून घेतले.