मी साखर खाल्ली नव्हती

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बदली नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत झाली. नांदेडला गोदावरी तरी होती. इथं दुष्काळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही गढूळ. चूळ भरायला अर्धा तांब्या, त्यातच तोंड धुऊन घ्यायचं.

त्याच वर्षी मला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरनं सांगितलं ते सगळं सोडलं. चहा बिनसाखरेचा, गूळ बंद, भात बंद. पोळ्याला सगळी गल्ली पुरणपोळी खाऊन राहिली आणि मी भाकर न् मेथीची भाजी. तरी रक्त तपासलं की साखर आहे तिथंच. गोळी वाढायची, साखर हटायची नाही. लई राग यायचा. रोगीही मीच अन् चोरही मीच! कारण मालकांनी ठरवूनच टाकलं होतं की ही मागून खाते. साखरेचा डबा कपाटात गेला, किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. पाहुणे आले की चहापुरती साखर मी हात पसरून मागायची. शेजारणीसमोर ते हसून म्हणायचे, मांजर डोळे मिटून दूध पितं. मीही हसायचे. आत जाऊन भांडी आपटायचे.

साखर मी खात नव्हते. चोरी होती ती वेगळीच. मिसरी. तंबाखू तव्यावर काळी भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची. लग्नाआधीपासूनची सवय. सासऱ्यांना गालाचा कॅन्सर झाला तेव्हा मालकांनी मला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावली, पुन्हा मिसरी लावणार नाही म्हणून. आम्हा लिंगायतांत त्याच्याहून मोठी शपथ नाही. चार महिने पाळली. मग ते कचेरीत गेले की चिमूटभर, असं करत वीस वर्षं. सकाळी लिंगाची पूजा करायची आणि दुपारी त्याला खोटं पाडायचं. लाज वाटायची, पण सुटत नव्हती मेली.

लातुरात हिरड्या सुजल्या. भाकर चावली की रक्त. ठणका लागला की मिसरी घासायची, घटकाभर बधिर व्हायचं, मग दुप्पट ठणका. दोन दात हलायला लागले तेव्हा मालकच मला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

तरुण पोरगा होता. हिरडी दाबली तसा पू आला. साखर आहे का, त्यानं विचारलं. मालकांनी लगेच गाऱ्हाणं मांडलं, चोरून खाते म्हणून. तो म्हणाला, खाण्यानंच वाढते असं काही नाही. हिरड्यांत असा पू साठून राहिला की अंगाला औषध नीट लागू पडत नाही, साखर वरच राहते. आणि साखर वर राहिली की हिरड्या बऱ्या होत नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी माझ्या बाजूनं बोललं होतं.

मग त्यानं बॅटरी मारून आत बघितलं.

"मावशी, मिसरी लावता?"

मालक हसले. न्हाई न्हाई, म्हणाले, तिनं लिंगाची शपथ घेतलीय, वीस वर्षं झाली. बोलताना त्यांच्या आवाजात केवढा भरवसा होता! डॉक्टर मात्र माझ्याकडंच बघत होता. लावत असाल तर मी काही केलं तरी हे बरं होणार नाही, म्हणाला. मला पळून जावंसं वाटलं. पण खुर्ची मागं वाकवलेली, वर दिवा, बाजूला मालक.

"हाव," मी म्हणाले. "लावते."

त्यानं पू काढला, हिरड्या धुतल्या, कापूस दाबायला दिला. वाटेत मालक झपझप पुढं चालले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबले.

"लिंगावर हात ठेवून खोटं बोललीस. मग साखर खाल्ली न्हाई हे मी कशावरून खरं मानू?"

कापूस थुंकून मला सांगता आलं असतं, डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलं न्हाई का म्हणून. पण त्यांचं चुकतंय कुठं, तेच मला सापडेना. दातांखाली कापूस दाबून मी त्यांच्या मागं चालत राहिले.