गाठ आईची, मतं सगळ्यांची

घरात कुणाच्या पोटात गाठ निघाली की आधी नातेवाईक जमतात, मग किस्से. आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत दोन्ही इतके साठलेत की आता चिडायचाही कंटाळा आलाय.

गाठ आईच्या लिव्हरमध्ये. काढायची कशी, पोट उघडून की दुर्बिणीतून, एवढाच प्रश्न.

*

विश्रांतवाडीचे काका, रिटायर्ड बँकवाले, पहिल्याच दिवशी म्हणाले, "दुर्बीणबिर्बीण काही नको. सर्जननं कसं डोळ्यांनी बघून कापावं!" आणि शर्ट वर करून स्वतःचा अपेंडिक्सचा व्रण दाखवला. आई समोर पोह्यांची बशी घेऊन उभी.

शर्ट तसाच वर ठेवून काका म्हणाले, "वहिनी, लिंबू आहे का हो?"

*

आत्याचं उलट. तिचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलंय. "अगं वहिनी, चौथ्या दिवशी पुरणपोळ्या लाटल्या मी!"

मी म्हटलं, "आत्या, लिव्हर वेगळं असतं. रक्त फार जातं. गाठ कुठेय त्यावर ठरतं."

"तू आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, मग बोल."

वाघोलीचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. तेव्हापासून गॅस चालू राहिलाय हे सांगायलाही मला डिग्री लागते!

*

रविवारी दोघं एकदमच उगवले.

"पेरूएवढी गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर येणार कशी?" काका.

"पिशवीत घालून काढतात!" आत्या.

"आणि पिशवी आत कशी जाते?"

पेपरातून मान वर न काढता बाबा म्हणाले, "घडी घालून." महिन्याभरातलं त्यांचं हे एकमेव योगदान.

मी चहा टाकायला उठलो. काका म्हणाले, "बस रे. तुझा चहा म्हणजे पेशंटचा काढा. वहिनींच्या हातचा होऊ दे."

पेशंट उठली. चहा झाला.

*

शेवटी सगळी वरात सर्जनबाईंकडे. केबिनमध्ये खुर्च्या दोनच. एकीवर काका, दुसरीवर आत्या.

बाईंनी दोघांकडे बघितलं. "पेशंट कोण?"

काकांना उठवून आईला बसवलं. "गाठ कडेला आहे, तुमच्या बाबतीत दोन्ही जमेल. दुर्बिणीतून केलं तर दुखणं कमी, घरी लवकर, दोन-तीन आठवड्यांत रोजची कामं सुरू. पोट उघडलं तर दुखेल जास्त. दीड-दोन महिने ओट्याशी उभं राहायचं नाही."

आत्यानं काकांकडे जिंकल्यासारखं बघितलं.

आई पहिल्यांदाच बोलली. "आणि कुणी भेटायला आलं तर? निदान चहा?"

"मुळीच नाही."

आईनं पदर सारखा केला.

"मग पोटच उघडा."