दोघांच्या सायकलीवरून घाटजाईला

खरं सांगायचं तर दोन वर्षं माझं देवाशी धड बोलणं नव्हतं. लालबागच्या आमच्या खोलीत देव्हारा होता, संध्याकाळी दिवाही लागत होता, पण हात जोडले की मनात एकच यायचं: या माणसाचं सगळं आयुष्य डोळ्यांवर चाललं होतं, हे तुला ठाऊक नव्हतं का? आमच्या ह्यांची नजर काचबिंदूने गेली. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही गेलं. छापखान्यात रंग जुळवणारा हा माणूस, आणि सुट्टी मिळाली की सायकल घेऊन डोंगरात पळणारा. आमचं मूळ गाव कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. तिथल्या जुन्या घाटाने वर खिंडीतल्या घाटजाईच्या देवळापर्यंत हे लग्नाआधीपासून सायकलने जायचे. नजर गेल्यावर ते रडले नाहीत, चिडले नाहीत, नुसते गप्प झाले. कुणी हात धरून न्यायला आलं की मात्र हात झटकून टाकायचे. "मला येतं," म्हणायचे, आणि कुठेच जायचे नाहीत.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर सुजाता बसते, डिलाईल रोडच्या चाळीतली, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती दर रविवारी सायकलवाल्यांबरोबर बाहेर पडते. एकदा डबा खाताना माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, दोघांची सायकल असते की! पुढे तुम्ही, मागे भाऊजी. दादरला आमच्या ग्रुपमधल्या एकांकडे धूळ खात पडलीय." मी हसले. मला एक सायकल धड चालवता येत नव्हती, तिथे दोघांची! वय एक्कावन्न, गुडघे कुरकुरणारे. पण त्या रात्री झोपताना मी ह्यांना नुसतं विचारलं, "आपण घाटजाईला जायचं का, सायकलने?" ते कुशीवर वळले. मग अंधारात म्हणाले, "ब्रेक कोण मारणार?"

दोन वर्षांतला तो त्यांचा पहिला प्रश्न होता. तेव्हाच मी ठरवलं.

चार महिने शाळेच्या मैदानात, सकाळी मुलं यायच्या आत, सुजाता मला शिकवत होती. आधी एकटीला, मग सुजाताला मागे बसवून, मग ह्यांना. त्या सायकलीची दोन्ही पायडलं एकाच वेळी फिरतात, म्हणून निघताना एकमेकांना सांगावं लागतं. "एक, दोन, उजवा!" असं मी ओरडायचे आणि आम्ही दोघं धाडकन आडवे व्हायचो. तीनदा तरी माझं कोपर फुटलं. मैदान झाडणाऱ्या मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहायच्या. ज्या दिवशी पूर्ण फेरी न पडता झाली, त्या दिवशी त्यांनी हातातला झाडू उंच धरून झेंड्यासारखा हलवला.

दिवाळी झाली आणि कार्तिकात आम्ही निघालो. सुजाताच्या भावाने टेम्पोतून सायकली घाटाच्या पायथ्याशी सोडल्या. बाजूने नवा रस्ता झाल्यापासून या जुन्या घाटात गाडी येत नाही; तोंडाशी मातीचा ढीग टाकून ठेवलाय, त्यावरून सायकल उचलून घ्यायची. पुढे मात्र सगळा रस्ता आपला! पहिली खिंड चढायची, पलीकडच्या दरीत उतरायचं आणि मग दुसरी खिंड, तिथे घाटजाई. ना हॉर्न, ना धूर. एवढी शांतता, की मला माझाच श्वास ऐकू येत होता. आणि मागून असा जोर यायला लागला की मी थक्कच झाले. चार महिने मैदानात चालढकल करणारे हे, चढ लागल्याबरोबर बैलासारखे पाय मारायला लागले. "आता डावीकडे वळण येईल," मागून आवाज. वळण आलं. "इथे झरा असेल, वास येतोय बघ." झरा होता! मी आनंदाने किंचाळले, आणि हे हसले. खळखळून हसले. सुजाता शेजारून जाता जाता म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच चालवताय, ताई नुसत्या पुढे बसल्यात." पहिली खिंड चढलो तेव्हा माझ्या पायांत गोळे आले होते आणि मला आणखी चढायचं होतं.

खिंडीत सुजाताची सायकल पंक्चर झाली. "तुम्ही हळूहळू उतरा, मी गाठते," ती म्हणाली. पलीकडची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. आम्ही उतरायला लागलो. आयुष्यात मी असा वारा तोंडावर घेतला नव्हता. "ब्रेक सोड थोडा!" हे मागून ओरडले, आणि मी सोडला. चूक माझीच. वीस पावलांपुढचं दिसत नव्हतं, तरी मला तेव्हा कशाचीही भीती नव्हती. आपण उडतोय असंच वाटत होतं.

आणि तेवढ्यात धुक्यातून एका बाईचा आवाज आला, "थांब गो बाय! थांब!"

मी सगळा जीव एकवटून ब्रेक दाबले. सायकल फरफटत आडवी झाली, आम्ही दोघं रस्त्यावर. मान वर केली तर समोर एक तपकिरी वासरू शांतपणे उभं होतं. त्याच्या मागे चार हातांवर रस्ता संपला होता. पावसात अख्खा कठडा आणि अर्ध्याहून जास्त रस्ता दरीत गेलेला. "काय झालं? अगं, बोल ना!" हे विचारत होते, आणि मी त्यांना कसंबसं सांगितलं, पुढे रस्ताच नाही.

नऊवारी नेसलेली, साठीपुढची एक बाई वासराच्या गळ्यात दोर अडकवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या वाटेला मी येतच नाही. हे येडं वासरू सुटलं म्हणून आले. तेवढ्यात तुमची चाकं ऐकली." मग ह्यांच्याकडे बघून तिला काय ते कळलं. डोंगराच्या अंगाने पाऊलवाट होती, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. तिने काही न विचारता ह्यांच्यापुढे हात केला. "चल बाबा, माझ्या मागून ये." मला वाटलं, आता झटकणार. पण ह्यांनी हात पुढे केला, तिचा खडबडीत हात चाचपून धरला, आणि एकेक पाऊल टाकत तिच्या मागून चालायला लागले. दोन वर्षांत त्यांनी माझाही हात धरला नव्हता. मी तिथेच मातीत बसले आणि रडले.

सुजाता आली, तिने सगळं पाहिलं. सायकली आम्ही दोघींनी उचलून पलीकडे नेल्या. दुसरी खिंड चढून दुपारी घाटजाईसमोर उभे राहिलो. मी तिथे ह्यांचे डोळे मागायला निघाले होते, चार महिने तेच घोकत होते. पण शेंदूर माखलेल्या दगडाच्या त्या तांदळ्यापुढे मागायचे शब्दच आले नाहीत. मला दोन धडधाकट डोळे, आणि मला ती दरी दिसली नव्हती. पुढचं दाखवणारं दुसरंच कुणीतरी असतं, आपण वेळेवर थांबायचं आणि पुढे आलेला हात धरायचा, एवढंच त्या दिवशी मला उमगलं. ह्यांनी देवीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. सुजाता बाहेर पायरीवर बसली होती. म्हणाली, "आम्ही बौद्ध, ताई. देवीला नाही जोडत मी हात. पण त्या वासरावाल्या मावशीला जोडीन."

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पुन्हा गेलो, या वेळी तुटलेल्या जागेच्या खूप आधी उतरून चालत. विचारत विचारत मावशींचं घर सापडलं, दरीत चार घरांची वाडी. मी खण-नारळ नेला होता. ओटी भरायला लागले तर त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मी कसली देवी, बाय? वासरू शोधत होते मी."

"पण वासरू नेमकं तिथेच कसं उभं राहिलं?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या देवीला विचार."

नजर परत आलेली नाही, आणि आता मी ती मागतही नाही. दर महिन्याला आम्ही कुठला ना कुठला जुना घाट चढतो. वाडीत गेलो त्या दिवशी सारवलेल्या अंगणात सुजाताने मावशींना वाकून नमस्कार केला, आणि तिच्यामागून हे, हाताने जमीन चाचपत, पूर्ण डोकं टेकून. मीही टेकलं. बराच वेळ आम्ही कुणीच उठेना, तेव्हा मावशी हसत ओरडल्या, "उठा रे आता, भाकऱ्या करपतील!"