कोडोलीचा वरचा सूर

किस्से कसे साचतात बघा. घडतात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. मग एखाद्या रविवारी चहा येईपर्यंत कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का?" आणि दुपारचं जेवण चुकतं! कोल्हापुरात शाहूपुरीत बापूंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याच्या माडीवर आम्ही चार-पाच म्हातारे रविवारी गाणी ऐकायला जमतो. आमचे निम्मे किस्से वैदेहीचे. जवळच्याच कोडोली गावची ही मुलगी आज युरोपात ऑपेरा गाते. तिला कोलोरातुरा सोप्रानो म्हणतात. म्हणजे बाईच्या आवाजाची सगळ्यात वरची पट्टी, आणि त्या पट्टीत चपळ, दाणेदार तानांची आतषबाजी. नीट सांगतोय ना मी? ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट घेऊनही मला खात्री नसते. चुकलो तर बापू दुरुस्त करतात. न चुकलो तरी करतात!

*

वैदेही कॉलेजात माझी विद्यार्थिनी. प्रॅक्टिकलला आवाजाच्या लहरी पडद्यावर बघायच्या होत्या. मी यंत्राशी झटत होतो, तेवढ्यात एक बारीक, सरळ, धारदार शिट्टी सुरू झाली. पडद्यावर इतकी स्वच्छ लहर, की पुस्तकातली आकृती लाजावी. माणसाच्या गळ्यातून असं काही येत नसतं. मी ओरडलो, "स्पीकर बाजूला घ्या! माइक शिट्टी मारतोय!" आणि घाबरून मेन स्विचच बंद केला.

पडदा काळा झाला. शिट्टी चालूच!

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, थांबू काय? दम संपत आलाय."

*

पुढे चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एका बाईंनी तिला हाताशी धरलं. शिकायची कोल्हापुरात आणि रियाज करायची कोडोलीला, घरामागच्या गोठ्यात. पहिल्या दिवशी तिनं वरचा सूर लावला आणि भावकीतली माणसं काठ्या, दोर, टॉर्च घेऊन धावत आली. कुणीतरी विहिरीत पडलं म्हणून! तिच्या आईनं सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं. "काय न्हाई हो, वैदूचा अभ्यास हाय."

हळूहळू गावाला सवय झाली.

मग एक दिवस वैरणीतून खराखुरा नाग निघाला. वैदेही जीव खाऊन किंचाळली. कुणी फिरकलं नाही! ती धापा टाकत स्वयंपाकघरात शिरली, तर आई भाकरी थापता थापता कौतुकानं म्हणाली, "आज मात्र सूर चांगला लागला गं!"

*

परदेशात शिकायला जायचं ठरलं, तेव्हा तिचे वडील, आप्पा, तिला घेऊन बापूंच्या माडीवर आले. दुधाचा धंदा, आवाज खणखणीत, बोलणं तोडून. मला म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. हिचं हुईल का काही?"

मी बोलायला लागलो. होईल असं म्हणता येतं, पण होणारच असं नाही, तिथली स्पर्धा मोठी, गळा नाजूक, उलट संधीही... माझं मलाच कळेना मी कुठल्या बाजूचा. शेवटी बापू मध्ये पडले. "आप्पा, सरांस्नी चप्पल घ्यायची झाली तरी चार दुकानं हिंडत्यात आणि जुनीच घालून येत्यात. त्यांस्नी कसलं विचारताय? पाठवा पोरीला!"

आप्पा हसले, पण उठताना वैदेहीला म्हणाले, "जा. पर एक ध्यानात ठेव. तिकडं कोट घालून टाळ्या कुणीबी वाजवंल. हितल्या माणसाच्या तोंडातनं 'वा' निघाली, तर मी मानीन."

वैदेही एवढंच म्हणाली, "काढून दावतो, आप्पा."

*

तिकडे तिला पहिली मोठी भूमिका मिळाली, ती मुख्य गायिकेचा घसा बसला म्हणून. तो प्रयोग आम्ही बापूंच्या टीव्हीवर बघितला. काय गायली! जिन्यावरून पोरं धावत उतरावीत तशा ताना खाली येत होत्या आणि पुन्हा वर पळत होत्या. मग शेवटचा, सगळ्यात उंच सूर. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि नेट अडकलं!

पडद्यावर वैदेही स्तब्ध. तोंड उघडं. आवाज शून्य.

बापू पुटपुटले, "लई वर गेली की हो! आता आपल्याला ऐकूसुद्धा येईना!"

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी मनातल्या मनात माणसाच्या कानाची वरची मर्यादा आठवू लागलो. तेवढ्यात चित्र हललं. सूर केव्हाच संपला होता आणि सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं! बापूंनी तिथल्या तिथं टीव्हीला नमस्कार केला.

*

आणि मग गेल्या हिवाळ्यात ती कोल्हापुरात गायली. नाट्यगृह गच्च. सोबतीला एक पियानोवाला. पहिल्या रांगेत नवा फेटा बांधून आप्पा. प्रास्ताविक माझ्याकडे. आमच्या लोकांनी भलत्या जागी काही केलं तर पोरीची शोभा होईल, या काळजीनं मी आठवडाभर नीट झोपलो नव्हतो. म्हणून अगदी बजावून सांगितलं, "या गाण्यात मध्येच दाद द्यायची नसते. 'वा' नाही, टाळी नाही, शिट्टी तर नाहीच! शांतता हीच इथली दाद."

लोकांनी ऐकलं. वैदेही गायली आणि अंगावर काटा आला. ताना सुटत होत्या, आणि एकेका तानेला माना नुसत्या ताठ होत होत्या. बापूंनी तर तोंडात रुमाल कोंबला होता. शेवटचा सूर लागला, छताला भिडला, संपला.

शांतता!

कुणी हलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी? मलाच शंका आली, खरंच संपलं का? की पियानोचं अजून काही बाकी आहे? माझे हात मांडीवरून उठेनात.

वैदेहीचा चेहरा उतरला. देशोदेशीच्या टाळ्या घेतलेली ती मुलगी स्टेजच्या कडेला आली, वाकली आणि हळूच म्हणाली, "आप्पा... न्हाई आवडलं?"

आप्पा उभे राहिले. डोळे भरलेले, आवाज तोच, खणखणीत. "आवडलं न्हाई कसं? ऊर फुटायची पाळी आलीया! पर ह्या सरांनी समद्यांच्या तोंडाला कुलूप घातलंय की!"

नाट्यगृह हसून लोटपोट! वैदेहीनं डोळे पुसले, पियानोवाल्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणून खूण केली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुम्ही जरा भाईर जाऊन च्या घेऊन येता?"

मी निमूट बाहेर आलो. मागे दार लागलं. पियानो सुरू झाला. पहिल्या तानेला "वाऽऽ!" आली, दुसरीला शिट्ट्या, आणि वरच्या सुराला असा गलका उठला की गाड्यावरच्या चहावाल्याची किटली हातातच राहिली.

"पावणं, आत कुस्ती लागलीया काय?"

"व्हय," मी म्हणालो, "निकाली!"