हेलियमचा उंचवटा

माझी आत्या शरदिनी बनारसला मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. चाळिशी उलटल्यावर, मुलं हाताशी आल्यावर तिनं विद्यापीठात संशोधनाला नाव घातलं. रामघाटावरच्या नातलगांना वाटलं, खूळ आहे, उतरेल. वेदपाठशाळेत शिकवणारे प्रल्हादआतोबा मात्र म्हणाले, "शिक तू. स्वयंपाकाचं मी बघतो."

तिचा विषय होता दुसऱ्या दीर्घिकांमधले तेजोमेघ. इतक्या लांबचे तारे सुटे दिसत नाहीत. म्हणून मेघाच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा आणि आत कोण दडलंय ते ओळखायचं. १९९६च्या हिवाळ्यात दक्षिणेतल्या एका वेधशाळेतून तिनं असे वर्णपट आणले.

एका रविवारी सकाळी तिनं त्यांचे आलेख जमिनीवर पसरले. वायूच्या रेषा सुईसारख्या उभ्या होत्या. पण एका मेघात, निळ्या भागात, हेलियमची रेघ येते त्या जागी चांगला रुंद उंचवटा!

"अहो, इकडे या! आधी या!"

आतोबा पिठाच्या हातांनी धावत आले. "काय झालं?"

"शांत वायूची रेघ बारीक येते. ही बघा केवढी पसरलीय! म्हणजे हेलियम भयंकर वेगानं बाहेर फेकला जातोय. आत प्रचंड, अतितप्त तारा असणार!"

"मग इथं काय करतेस? सरांना सांग जा!"

नावेनं अस्सी घाट, तिथून रिक्षानं सरांचं घर. तिचे मार्गदर्शक डॉ. मिश्रा आलेख बघून म्हणाले, "मशीन की गड़बड़ तो नहीं?" तसं असेल तर त्याच रात्रीच्या बाकीच्या वर्णपटांतही उंचवटा दिसायला हवा. दोघं तडक विभागात गेले. संगणकावर एकेक आलेख उमटू लागला. पहिला सपाट. दुसराही सपाट. शेवटचाही सपाट निघाला, तसे मिश्रा खुर्चीतून उठलेच.

"शरदिनीजी, तारा है! पक्का!"

आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती. त्या मेघात असा तारा कुणी नोंदलेलाच नव्हता.

सोमवारी नववीच्या वर्गात तिनं धडा बाजूला ठेवून फळ्यावर तो उंचवटा काढला.

"बाई, हा तारा फुटणार का?" एका मुलीनं विचारलं.

"फुटणार! कदाचित फुटलाही असेल. तो उजेड अजून वाटेत असेल."

घंटा झाली तरी वर्ग हलेना.

पुढच्या वर्षी पुन्हा निरीक्षण झालं, उंचवटा तिथंच होता. शोधनिबंध छापून आला, पदवीही मिळाली. पेढे वाटून होतात न होतात तोच आत्यानं वेधशाळेकडे आणखी दोन मेघांसाठी वेळ मागितला.