कुलूपबंद यादी आणि आमच्या सूनबाई

आमच्या सूनबाई औषध-संशोधन करणाऱ्या एका लहान कंपनीत नोंदी सांभाळतात. पदाचे नाव लांबलचक आहे. काम मात्र एका वाक्यात सांगता येते. कोणत्या रुग्णाला खरे औषध टोचले जाते आणि कोणाला नुसते मिठाचे पाणी, ही यादी कुलपात राखायची. रुग्ण, डॉक्टर, खुद्द संचालक, कोणालाही ती दिसता कामा नये. आधी कळले, की माणूस नकळत हवे तेच पाहू लागतो आणि सारी चाचणी फुकट जाते. पूर्वी त्या परीक्षा मंडळात प्रश्नपत्रिका सांभाळत असत; त्यामुळे पोटात गोष्ट ठेवण्याची सवय जुनीच.

कंपनीला सहा वर्षे झाली. बाजारात एकही औषध नाही, त्यामुळे नफ्याचे नाव नाही. भागधारकांचा जीव टांगणीला लागला होता. सूनबाई तेथे रुजू होण्यापूर्वीच मी थोडे शेअर घेतले होते, म्हणजे त्या टांगलेल्यांत मीही होतो. भाव निम्म्यावर आला, तेव्हा एका सकाळी मी चहा घेताना सहज विचारल्यासारखे विचारले, "सूनबाई, एकंदर वारं कुठल्या दिशेला आहे?"

"बाबा, खिडकी उघडून बघा ना," त्या म्हणाल्या. चिरंजीवांना हसताना ठसका लागला.

वार्षिक सभेच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. चाचणी संपण्यास पाच महिने होते आणि तेवढ्या काळाच्या खर्चासाठी नवे शेअर काढण्यास भागधारकांची संमती हवी होती. पुढच्या रांगेतील एक कापडव्यापारी उठले.

"सहा वर्षं झाली! तेवढ्यात माझी नात चालायला, बोलायला आणि उलट उत्तरं द्यायला शिकली. तुमचं औषध काय शिकलं? आज यादी उघडा, नाहीतर आमचं मत विसरा!"

टाळ्या पडल्या. अध्यक्ष डळमळले. मागे बसलेल्या सूनबाईंकडे वळून ते म्हणाले, "बंद खोलीत, आपल्या दोघांपुरतं एकदा बघता येईल का?"

"नाही, साहेब."

"तुम्ही इथं नोकरी करता, हे लक्षात आहे ना?"

"आहे. याच कामाचा पगार घेते." मग त्या सभेकडे वळल्या. "दोनशे बारा माणसं दर पंधरवड्याला दंड पुढे करतात. सुईत काय आहे, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. आपण विचारायचं?"

व्यापारी जरा नरमले. "पण बाई, शेवटी औषध निकामीच निघालं तर?"

"तर निकामी आहे, हे तरी खात्रीनं कळेल. आज डोकावलं, तर तेसुद्धा कळणार नाही."

व्यापारी खाली बसता बसता पुटपुटले, "हिला माझ्या गोदामावर ठेवायला हवी होती." जो हशा पिकला, त्यात त्यांच्या धमकीची धार गेली. मतदान झाले आणि संमती काठावर मिळाली. यादी कुलपातच राहिली.

आता दोन महिने उरले आहेत. शेअरचा भाव आणखी घसरला आहे. सकाळी फिरताना कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो, "तुमच्या सूनबाई तिथेच ना? काही कळलं का हो?"

मी ताठ मानेने सांगतो, "नाही. आणि त्या तिथे आहेत तोवर मुदतीआधी कळणारही नाही."