मास्तरांच्या ड्रमचं पान

मास्तर कोणाचंही बोलणं ऐकताना गळ्यातली टेप हातात घ्यायचे. दार असो, खाट असो, भोपळा असो, माप घेतल्याशिवाय त्यांचं मत तयार होत नसे. "अंदाजानं नगं, गुरुजी. टेप लावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी सहज म्हणालो, ऊन फार वाढलंय. त्यांनी ओट्यावरची सावली मोजली आणि "परवापरीस दोन इंच आखूड हाय" असं सांगून माझ्या म्हणण्याला मंजुरी दिली.

एकाहत्तरच्या सुमाराला मी काष्टीच्या प्राथमिक शाळेत होतो. माझ्या खोलीला लागून मास्तरांचं शिवणाचं दुकान. शिवतात म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे, पण लग्नसराईत तेच मास्तर बँडचा लाल कोट चढवून ड्रम वाजवत. त्यांच्या उस्तादांनी नगरच्या लष्करी कॅम्पात वाजवलेला जुना विलायती ड्रम होता तो. लाकडी अंग, पितळी स्क्रू. उस्ताद गेले तेव्हा तो मास्तरांकडे आला. वाजवून झालं की स्क्रू सैल करायचे, मऊ फडक्यानं पुसायचं आणि मशीनच्या मागे ठेवायचं, हा त्यांचा नेम. मी तो कधी चुकलेला पाहिला नव्हता.

तो चुकला लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी. सुमन त्यांची एकुलती एक. आनंदाच्या भरात त्यांनी पाहुण्यांना ड्रम वाजवून दाखवला आणि तसाच ताणलेला ओट्यावर ठेवून पंगतीला बसले. दुपारच्या उन्हात कातडं आणखी आवळलं. जिलेबी वाढत असताना बाहेर फट्‌ असा आवाज झाला. मास्तर ताटावरून उठले, पाहून आले आणि पुन्हा येऊन बसले. जिलेबी तशीच राहिली.

फाटलं होतं ते ड्रमवर ताणलेलं कातडं. त्याला पान म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. सुमननं लहानपणीच वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं, की माझ्या लग्नात तुमीच वाजवायचं, आणि ह्योच ड्रम. लग्न दीड महिन्यावर होतं.

बँडचा मालक तरुण होता. त्यानं आपला नवा ड्रम पुढे केला. "मामा, ह्यो घ्या की. चकाचक हाय."

मास्तरांनी दोन काड्या मारल्या आणि परत दिला. "पत्र्यावर गारा पडल्यावानी वाजतोय, लेका."

मग शोध सुरू झाला. टेपनं माप निघालं, सव्वाचौदा इंच. नगरच्या दुकानातून ते प्लास्टिकचं तयार पान घेऊन आले. ते ड्रमवर उतरेचना, एका बाजूनं बसवलं की दुसरीकडून अडायचं. मग पुण्याहून जरा मोठं आणलं. ते उतरलं, पण पोराच्या डोक्यावरच्या मोठ्या टोपीसारखं हलायला लागलं. मुंबईच्या दुकानाला इंग्रजीत पत्र मी लिहिलं. माप आठवा हिस्सा इंचापर्यंत बरोबर घातलं, दोनदा वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी पार्सल आलं. आम्ही दोघांनी मिळून ते दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. खाली उतरेना.

"माप चुकतंय कुठंतरी," मी म्हणालो.

मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले, की मी जणू त्यांच्या चारित्र्याबद्दलच बोललो होतो. "तीस वर्सं मापं घेतोय मी, गुरुजी."

त्या दिवसापासून त्यांनी ड्रमकडे पाहणं सोडलं. सुमन रोज त्याच्यावरची धूळ झटकायची. एवढं मास्तरांना टोचायला पुरेसं होतं. ते मान खाली घालून मशीन चालवत राहायचे.

घरात लग्नासाठी कुरडया घातल्या होत्या. कावळे फार, म्हणून मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी, फडकं अंथरून वाळलेल्या कुरडया त्या उघड्या ड्रममध्येच ठेवल्या आणि वर एक ताट झाकलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. "अवं, ह्ये ताट हिकडून बसतंय अन्‌ तिकडून फट ऱ्हातीय. तुमचा ड्रम गोल न्हाईच!"

"गोल न्हाई म्हंजी?"

"म्हंजी चेपलाय. माझ्यावानीच म्हातारा झालाय त्यो."

मास्तर उठले. कुरडया बाजूला केल्या, उभी टेप लावली, मग आडवी लावली. पाव इंचाचा फरक! जुनं लाकूड एका अंगाला दबलं होतं आणि मास्तर प्रत्येक वेळी एकाच बाजूनं माप घेत होते. मला वाटलं, आता चिडतील. पण ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पाठीचं माप घिऊन पोटाला सदरा शिवत हुतो की वं मी!"

पुढच्या आठवडी बाजाराला आम्ही ड्रम घेऊन बुरुडणीकडे गेलो. सुपं, पाट्या विणणारी म्हातारी बाई. मास्तर दोन्हीकडची मापं सांगायला लागले तशी ती म्हणाली, "मापं ऱ्हाऊ द्या. ड्रम द्या हिकडं." तिनं ओल्या बांबूची कांब सोलली, ड्रमच्या काठाला भिडवून वळवत नेली आणि टोकं बांधून कडं केलं. जिथं ड्रम चेपला होता तिथं कडंही तसंच चेपलं. कड्याची कुठली बाजू कुठं बसते, त्याची खूण म्हणून तिनं नखानं एक रेघ ओढली.

श्रीगोंद्याच्या ढोलकीवाल्यानं बकऱ्याचं पातळ कातडं दिलं. मास्तरांनी ते रात्रभर पाण्यात ठेवलं आणि सकाळी चमच्याच्या दांड्यानं त्याची कड बांबूच्या कड्याभोवती आत सारत गेले, सदऱ्याची कॉलर वळवावी तसं. दोन दिवस सावलीत वाळवलं. तिसऱ्या दिवशी स्क्रू आवळून त्यांनी हळूच एक काडी मारली. आतून वहिनी, सुमन आणि पीठ लागलेल्या हातांच्या चार बायका धावत बाहेर आल्या.

लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी नाक मुरडलं. "मुलीच्या बापानं बँडमदी वाजवायचं?" मास्तरांनी वाद घातला नाही. दिवसभर फेटा बांधून पाहुण्यांच्या मागे फिरले, पंगती वाढल्या, सगळ्यांच्या पाया पडले. संध्याकाळी पाठवणीची बैलगाडी जुंपली, तेव्हा मात्र त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि ड्रम गळ्यात अडकवला.

पहिल्या ठोक्याला बैलांनी कान टवकारले. व्याही बोलायचे थांबले. आवाज भरीव होता, गोड होता, वेशीपलीकडं जात होता. गाडी निघाली तसे मास्तर तिच्या मागोमाग चालत वाजवायला लागले. सुमन मागे वळून बघत होती, रडत होती आणि हसतही होती. मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण दोन्ही हातांत काड्या. पुसणार कसं?

वहिनी भराभर पुढे आल्या. त्यांच्या बरोबरीनं चालत, पदरानं त्यांचे डोळे पुसत राहिल्या. ओढ्यापर्यंत दोघं तशीच गेली, आणि तोवर मास्तरांचा एकही ठोका चुकला नाही.